बेचाळीस खिसे आणि एक काळा पडदा

धाकट्यास ताईचा आशीर्वाद. (अर्धाच. उरलेला तू फोन उचललास की.) तुझी पाठ कशी आहे? बायकोचा खोकला थांबला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, तू बसवून दिलेला कॉम्प्युटर सोडून.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी दुकान उघडून बटण दाबलं, तर नुसता काळा पडदा आणि वर दोन-तीन ओळी इंग्रजीत. शाळा मी चौथीत सोडली, पण तीस वर्षं लोकांच्या खिशांवर नावं भरलीत, अक्षरं मला येतात. एकेक तुला फोनवर वाचून दाखवलं: एरर, नो सच पार्टिशन, खाली ग्रब रेस्क्यू. तर तू म्हणतोस, "ताई, घाबरू नकोस, त्याला फक्त आपलं घर सापडत नाहीये." अरे, कोपऱ्यात बसून राहणाऱ्याला घर सापडत नाही? इथे हॉस्पिटलच्या बेचाळीस नर्सांचे कोट पडलेत, येत्या सोमवारी द्यायचेत, आणि नावं भरणारं मशीन त्या कॉम्प्युटरवाचून एक टाका घालत नाही. तारीख चुकली तर पुढचं काम दुसरीकडे, असं मोठ्या सिस्टरनं तोंडावर सांगितलंय.

मग दीड तास तू मला टाईप करायला लावलंस. आधी एल एस. त्यानं कंसांची रांग ओकली. मग प्रत्येक कंसात डोकवायचं, आत 'बूट' नावाचा कप्पा आहे का बघायचं. (चौथ्यात निघाला. पहिल्यात ठेवायला काय झालं होतं?) मग सेट प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह (त्या दोन आडव्या रेघा), पुढे पत्ता. आठ वेळा टाईप केलं, आठ वेळा नकार. तू ओरडलास, मी ओरडले, शेजारचा चष्मेवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. शेवटी कळलं, मी त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडत होते. सोडणारच! जन्मभर शिवणीला दोन्हीकडून माया सोडली, म्हणून माझे कोट उसवत नाहीत. "कुणी सांगितलं जागा सोडायला?" म्हणे. सोडू नको असं तरी कुणी सांगितलं होतं? चिकटवून लिहिलं, आणखी दोन शब्द मारले, आणि झाला चालू.

तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. रागात बोलले असेन काहीबाही. म्हणून हे पत्र कापडाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. तू पूर्ण वाचेपर्यंत तो दारातून हलणार नाही.

तुझी ताई

ता. क. "डिस्कचा एखादा तुकडा, म्हणजे पार्टिशन, काढून टाकलास का?" असं तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा नाही म्हटलं. टाकला होता. आदल्या दिवशी साफसफाई करताना एक छोटा, बिननावाचा, रिकामा दिसला, कात्रण समजून काढला. त्यामुळे मागच्यांचे नंबर पुढे सरकले असतील, तर त्यांनी मला विचारून सरकायचं होतं.

आणखी एक. चालू झाल्यावर तू म्हणत होतास, "ताई, अजून एक ओळ राहिलीय, नाहीतर बंद केलास की पुन्हा तेच." तेव्हाच मी फोन आपटला. नऊ दिवस झाले, मी तो बंद केलेला नाही. सतरा कोट उरलेत आणि शनिवारी दुपारी मीटर बदलायला वीज घालवणार आहेत. सकाळीच ये. ओळ मी टाईप करणार, तू नुसता मागे उभा राहा. आणि मागे उभं राहून सुस्कारे सोडायचे नाहीत.