कोफाई हॉलच्या अकरा टेपा

मी, सुखदेव बाबूराव शेजवळ, वय वर्षे सत्तावन्न, मूळचा मनमाडचा, हल्ली राहणार मनुरेवा, ऑकलंड, व्यवसायाने कारखान्यातला देखभाल इलेक्ट्रिशियन, असे लिहून ठेवतो की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, तसे डॉक्टरांनी कागदावर दिले आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करायला इतक्यात घरी कोणी फिरकलेलेही नाही. हे माझे पहिले आणि एकच मृत्युपत्र. मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत खरे बोलायला मला फार वेळ लागतो आणि आता तेवढा दम नाही. वकिलांनी भाषांतर करून घ्यावे. मधली बडबड गाळू नये.

कलम १. घर, गाडी आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी पत्नी सरिता हिचे. ती या देशात आली ती माझ्या हट्टाने. पुण्यात शाळेत गणित शिकवत होती. इथे ईस्ट टामाकीत सहा वर्षे उभ्याने बिस्किटांचे पुडे खोक्यांत भरले. यावर मुलांनी चर्चा करू नये. तिच्या पश्चात अनुप आणि अक्षता यांना निम्मे निम्मे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान आणि पत्र्याच्या पेटीतले सगळे, हॉर्नबीला राहणाऱ्या अनुपला. फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, "डॅड, आय वोन्ट यूज देम. बट येह, स्वीट ॲज." हा मी होकार धरतो. गॅरेजमधले दोन जुने ॲम्प्लिफायर मात्र कोफाई हॉलचे आहेत. माझ्याकडे फक्त दुरुस्तीला आलेले आहेत.

कलम ३. माझ्या वडिलांची ढोलकी अक्षताला. कातडे फाटले आहे. वडील मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात रिव्हेट ठोकत आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जलसे करत. बाबासाहेबांचे म्हणणे गाण्यातून सांगत. एक ओळ ते गायचे, तीच ओळ पुन्हा गायचे, मग तिसऱ्या ओळीचा टोला. १९७१ साली ते गेले. त्यांचा आवाज कुठेही नाही, कोणी कधी टेप केला नाही. अक्षताने एवढे ध्यानात ठेवले तर पुढची कलमे तिला समजतील.

कलम ४. कोफाई हॉलच्या समितीचा मी सात वर्षे सचिव आहे. ते पद मी सोडतो. ते कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही, कारण मी ज्यांना विचारले त्या सगळ्यांच्या त्या दिवशी दुसरीकडे मीटिंगा होत्या.

हे कसे सुरू झाले ते लिहितो. १९९७ साली मी कारखान्यात शीतगृहाचा पंखा दुरुस्त करत होतो. स्मोकोची, म्हणजे चहाची सुट्टी झाली होती. फोर्कलिफ्ट चालवणारा हेमी रापाना खोक्यावर बसून गिटार वाजवत गात होता. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग टोला. मी शिडीवरून खाली उतरलो.

"हे काय गातोस?"

"ब्लूज, ब्रो. आईकडून आलंय. जुन्या मीटवर्क्समध्ये सगळेच गायचे."

तो मांसाचा कारखाना बंद पडून वर्षे झाली होती. रांगेत उभे राहून गाणारी माणसे म्हातारी होऊन आपापल्या घरी बसली होती. रुळांशेजारचा कोफाई हॉल, जिथे ती शनिवारी वाजवायची, तो पाडायचे चालले होते. हेमी आणि मी घरोघर गेलो. मोडक्या इंग्रजीतले अर्ज माझे, बोलणे त्याचे. २००१ साली हॉल आमच्या ताब्यात आला. खुर्च्या टोंगन चर्चने दिल्या. फिजीच्या एका पॅनेलबीटरने, म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्याने, सात पाट्या रंगवून दिल्या: इथे कारखान्याचे फाटक होते, या गॅरेजात पहिला बँड बसला, या घरात अमुक राहायची. शनिवारी चर्चची बस माणसांना या सात पाट्यांवरून फिरवून हॉलमध्ये आणी. तिथे म्हातारी माणसे गात आणि सरिता भजी तळी. जर्मनीहून माणसे आली, देशाच्या पार दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलहून आली. कोपऱ्यावरच्या डेरीत, म्हणजे किराणा दुकानात, मनुरेवाचे पोस्टकार्ड विकायला आले. पोस्टकार्डावर मनुरेवा! आम्ही दोघे ते हातात धरून हसत सुटलो होतो.

कलम ५. आपल्या मराठी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष पुरुषोत्तमराव यांना मी पाट्यांच्या उद्घाटनाला बोलावले होते. ते म्हणाले, "शेजवळ, हे आपलं संगीत नाही. आपण गणपतीचं बघू." त्यांना या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. मंडळातल्या ज्या चार बायका त्यांना न सांगता दर शनिवारी कांदे चिरायला आल्या, त्यांना माझ्या कपाटातल्या चारही चांगल्या शाली. वाटणी सरिताने करावी.

कलम ६. टेपा. वडिलांच्या बाबतीत जे झाले ते इथे होऊ नये म्हणून मी अकरा जणांचे गाणे कॅसेटवर घेतले. त्यांतले आठ आता नाहीत. टेपा माझ्या कपाटात आहेत, पण त्या माझ्या नाहीत, समितीच्याही नाहीत. दहा टेपा ज्या त्या घरच्या माणसांना परत द्याव्यात. हॉलमध्ये वाजवायच्या असतील तर दर वेळी त्यांना विचारावे. एकदा हो म्हणाले म्हणून कायमचे धरू नये. हे मी का लिहितो ते पुढच्या कलमात आहे.

कलम ७. अकरावी टेप हेमीची आई हुइया रापाना हिची. दोन वर्षांची मुलगी गेली तेव्हा तिने रचलेले गाणे. ती ते एकदाच गायली आणि म्हणाली, "हे हॉलमध्येच राहू दे."

२००५ साली, हुइया जाऊन वर्ष झाल्यावर, एका टूर कंपनीचा माणूस आला. म्हणाला, आम्ही मोठ्या बसेस आणतो, वाटेत ऐकवायला तुमच्या टेपा द्या. चर्चची बस म्हातारी झाली होती, माणसे थकली होती, मीही. मी अकराच्या अकरा टेपांच्या प्रती करून दिल्या आणि सचिव म्हणून सही केली. हेमी नॉर्थलँडला मयतीला गेला होता. चार दिवस थांबता आले असते. थांबलो नाही.

महिन्याने त्या बसमध्ये हेमी वाटाड्या म्हणून चढला. लोक चिप्स खात होते आणि वर स्पीकरमधून त्याची आई रडत होती. पहिल्या पाटीशी त्याने बस थांबवली, उतरला आणि चालत माझ्या दारात आला.

"तू विचारलं नाहीस, ब्रो."

एवढेच म्हणाला. मी हॉलचे छप्पर, बसेस, पर्यटक असे काहीतरी बोलत राहिलो. तो निघून गेला आणि हॉलमध्ये पुन्हा आला नाही. त्याच्यामागोमाग म्हातारी माणसेही येईनाशी झाली. मोठ्या बसेस एका उन्हाळ्यानंतर दुसरीकडे वळल्या. कंपनीकडून प्रती परत मिळवायला मला अकरा महिने पत्रे लिहावी लागली. आल्या तशा मी हातोड्याने फोडल्या. दोनदा हेमीकडे गेलो. दोन्ही वेळा त्याच्या बायकोने सांगितले की तो घरी नाही. आतून गिटार ऐकू येत होती.

<s>हुइयाची मूळ टेप माझ्या मृत्यूनंतर हेमी रापाना याला द्यावी.</s>

कलम ८. माझ्यामागे खर्चाचे विधी नकोत. त्रिशरण पंचशील म्हणावे आणि घरी जावे. हॉलला किंवा पाटीला माझे नाव देऊ नये.

कलम ७ बाबत खुलासा. वरचे सगळे शनिवारी लिहिले. सरिताने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "मेल्यावर कशाला, अहो? उद्या रविवार आहे, तो घरीच असेल."

रविवारी दुपारी गेलो. दार हेमीनेच उघडले. केस पार पांढरे झालेत. मी टेप पुढे केली. म्हणालो, ही एकच आहे, बाकी काही उरलेले नाही.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"हो."

"आणि ही वाजवायला घरात काही नाही."

माझ्या गाडीत होते. दोघे पुढच्या सीटवर बसलो. रेकॉर्ड केल्यापासून, प्रती काढताना सोडून, मी ती टेप कधी लावली नव्हती. आणि प्रती काढतानाही आवाज बंद ठेवून काढल्या होत्या. गाणे संपले. मी बटणाकडे हात नेला, त्याने तो धरला. टेप चालत राहिली. हुइयाचा श्वास ऐकू आला, खुर्ची करकरली. मग ती विचारते, "मिळालं का तुला, बॉय?" आणि माझा आवाज म्हणतो, "हो, आई." मराठीत. मला ते आठवतही नव्हते.

"हे काय म्हणालास तिला?" हेमीने विचारले.

मी सांगितले.

त्याने खिडकीची काच वर केली. म्हणाला, "पुन्हा लाव."

सबब कलम ७ मधले शेवटचे वाक्य मी स्वतः खोडले आहे. ती टेप आता माझ्या मालमत्तेत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली, आणि खोडलेल्या ओळीशेजारी आद्याक्षरे घातली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून दोघांना काही ठेवलेले नाही. राग मानू नये.

(सही) सुखदेव बाबूराव शेजवळ

साक्षीदार १. (सही) हरीश चंद्रहास तांबट, शेजारी, मनुरेवा
साक्षीदार २. (सही) निवेदिता गुरुदत्त पेंढारकर, फार्मासिस्ट, मनुरेवा

स्थळ: मनुरेवा, ऑकलंड
सोमवार, दिनांक २२ सप्टेंबर २००८