वाकळांच्या गठ्ठ्याची गाठ

मंगळवार, संध्याकाळ

थंडी एकदम पडली. सासूबाई सकाळपासून वाकळ काढ, वाकळ काढ म्हणून मागं लागलेल्या. पुराच्या धास्तीनं पावसाळ्याआधी सगळ्या वाकळा प्लास्टिकात गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या. ह्यांनीच दोरीनं करकचून बांधल्या होत्या. तेव्हा ह्यांचा उजवा हात चालत होता.

गठ्ठा खाली ओढेपर्यंत माझी कंबर गेली. वर ती गाठ सुटेना! शेवटी कात्री घेतली, तर हे खुर्चीतून ओरडले, "कापू नको की! दोरी चांगली हाय. आण हिकडं."

लकव्यापासून ह्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. पण नाही म्हणायचं तरी कसं? "धूळ पुसून देते," म्हणून गठ्ठा स्वयंपाकघरात नेला, उलथन्याच्या टोकानं गाठ सैल केली आणि मग ह्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हातानं, दातानं ओढून त्यांनी ती सोडवली.

"बघ, अशी सोडायची असत्या."

"व्हय की."

सासूबाई वाकळ घेऊन लगेच आडव्या झाल्या. ह्यांनी दोरी कशीबशी गुंडाळून माझ्या हातात दिली. "जपून ठेव. पावसाळ्यात परत बांधतो."

ह्यालाही मी व्हय कीच म्हटलं.