खाच न जुळणारी रॅम

सानवी बाय,

तू आणलेली रॅम बदलून आणायला मी बाजारात चालले आहे, शोधत बसू नकोस. तुझ्या नव्या कॉम्प्युटरच्या बोर्डाच्या खोक्यावर डीडीआर फाइव्ह लिहिलंय आणि ही आहे फोर, मग खाच जुळणार कशी? काल तू अंगठ्याने दाबत होतीस, तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. पूर्णगडला तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच इंजिनाचा पार्ट असाच ठोकून बसवला होता. बसला, पण होडी दुसऱ्यांना ओढून आणावी लागली. खोकं बरोबर नेते आहे, म्हणजे दुकानदार बघून नीट देईल.

घावणे डब्यात आहेत. बाबांनी विचारलं तर बँकेत गेली म्हण.

त्यांच्याशी भांडून मुंबईला गेल्यापासून तुझा दादा चिराग घरी फोन करत नाही. तिकडून तुझ्याशी कॉम्प्युटरवर गेम खेळताना ओरडायचा, तेवढाच त्याचा आवाज कानावर पडायचा. जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि तेही गेलं. आज हा सुरू झाला, की हेडफोन लावू नकोस. मी शेजारी कोलंबी सोलत बसेन. मध्ये बोलणार नाही.

आजी