आधी वॉर्डला फोन

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं बरी असाल. इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक, आणि तक्रार ऐकायला कोणी मिळालं की गुडघेही ठीक असतात. वहिनीला सातवा लागल्याचं तिने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. तुझा फोन मी दोनदा उचलला नाही. कामात होते असं कळवलं, ते खोटं होतं.

या बाळाचं रक्त तपासायला हवं का, असं तू विचारलं होतंस. हवं. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी. एवढंच लिहून पत्र संपवायचं असं ठरवून बसले होते. पण फोनवर माझी दातखीळ बसते, निदान कागदावर तरी नको.

मी दिवसभर तान्ह्या मुलांच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजते, हे तुला माहीत आहे. दुधातल्या प्रथिनांपासून ती तयार होतात. एखाद्या मुलाच्या शरीराला जन्मतःच त्यातलं काही वापरता येत नाही. ते साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. आमच्याकडे भिंतीवर एकच नियम लावलेला आहे: आकडा लाल रेषेवर गेला की आधी वॉर्डला फोन, बाकीचं मग. फोन गेला की तिथे लगेच दूध थांबवतात.

तुमच्या छकुलीचा नमुना माझ्याच हातात आला होता. चिठ्ठीवर आपलं आडनाव. ल्यूसिन या आम्लाचा आलेख कागदाच्या वर निघून गेला. बारा वर्षांत असा आकडा मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा उभ्याउभ्याच फोन लावला होता. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, आधीच्या नमुन्याचा अंश नळीत राहिला असेल. मशीन धुतलं, पुन्हा लावलं. आकडा तोच. मग कारण न सांगता वॉर्डकडून नवा नमुना मागवला. त्यात दीड दिवस गेला, आणि तोवर वहिनी तिला पाजत राहिली.

निदानाला उशीर झाला, असं तुम्हाला सांगण्यात आलं. उशीर झाला नाही दादा, मी केला. परक्याचं मूल असतं तर फोन केला असता. माझी भाची होती म्हणून मला ते खरं नको होतं. वेळेवर कळतं तर ती वाचलीच असती, असं वॉर्डच्या डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणत नाहीत. पण मला त्याच्याआड लपायचं नाही.

वहिनीचं दूध बाधलं, असं आई कालपर्यंत म्हणत आली. तुम्ही इकडे आलात की वहिनी मान खाली घालून ऐकायची, आणि मी समोर बसून गप्प राहत आले. हा आजार आईबाप दोघांकडून येतो, तुझ्याकडूनही तितकाच. आज सकाळी आईला सगळं सांगितलं.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. ती माझं तोंड पाहायचं नाही म्हणाली तर तेही बरोबरच आहे. पण रागाच्या भरात तपासणी चुकवू नका. चारात एक वेळ हे पुन्हा होऊ शकतं. जवळपास ही तपासणी आमच्याकडेच होते, आणि मशीनवर माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून एक कर. चिठ्ठीवर आपलं आडनाव घालू नकोस, नुसता नंबर घाल. बाळ झाल्याचंही मला निकाल येईपर्यंत कळवू नकोस. ते माझ्याकडे परक्याचं होऊन येऊ दे.

तुझी,
धाकटी