पान्यांच्या पेटीचा वारस

मी, शिवदास बाळाजी मोहिते, वय चोपन्न, भारतीय सैन्यातून निवृत्त नायब सुभेदार, मूळ राहणार तालुका पाटण, जिल्हा सातारा, हल्ली तुबली, बहरीन येथे गॅरेजात मेकॅनिक, हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईस निघण्यापूर्वी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. पत्नी सौ. मथुरा "आटपा लवकर" एवढे म्हणाली, ते दडपण समजू नये.

गावचे घर मी सैन्याच्या पगारातून बांधले. ते पूर्णपणे मथुरेचे. मी आधी सीमेवर आणि मग, ती इथे येण्यापूर्वी, बहरीनला असताना तिने त्या घरात एकटीने विंचू मारले, छप्पर शाकारून घेतले आणि मला पत्रात फक्त 'सर्व क्षेम' लिहिले. घराचे काय करावे याबद्दल कोणी तिला सल्ला देऊ नये.

धाकटा भाऊ पांडुरंग यास माझा लग्नातला कोट. एकाहत्तरच्या युद्धात माझे पत्र बरेच दिवस गेले नाही, तेव्हा त्याने आशा सोडली असावी. कारण मला घ्यायला तो एस.टी. स्टँडवर आला तो माझाच कोट घालून. विचारले, तर म्हणाला थंडी होती. यापुढे त्याने तो हक्काने घालावा.

पदके मुलगी मंगला हिला. ती इथे इंग्रजी शाळेत आहे; मराठीत विचारले तरी उत्तर इंग्रजीत देते. लढाईत किती शत्रू मारले, असे तिने एकदा विचारले. मी रणगाड्यांचे गिअरबॉक्स उतरवीत होतो, असे सांगताच तिचा चेहरा पडला. पदके तरीही खरी आहेत.

पान्यांची पेटी गॅरेजातला जोडीदार नजीब यास. हा सियालकोटचा. त्याच युद्धात तो पलीकडच्या सैन्यात मेकॅनिक होता. हे कळल्यावर आमचे बोलणे बंद झाले. एकाच गाडीखाली आडवे पडून काम करायचो, आणि पाना हवा असला की मालकाकरवी मागायचो. मालक एकदा "खलास" म्हणून घरी निघून गेले. पुढे एका उन्हाळ्यात जॅक सरकला आणि पाण्याच्या टँकरखाली माझा पाय अडकला. नजीबने दुसरा जॅक लावून मला ओढून काढले, आणि इस्पितळाच्या वाटेवर कित्येक महिन्यांनी तोंड उघडले: "मोहिते, तू इधर मर जाता तो सब बोलते, नजीब ने मारा. मुझे बदनाम मत कर." तेव्हा सुरू झालेले बोलणे अजून थांबलेले नाही. युद्ध कोण जिंकले, हा विषय मात्र आम्ही काढत नाही.

हे कलम लिहून झाल्यावर मसुदा तपासणारे ऑगस्टीन डिमेलो, वसईकर, यांनी हरकत घेतली. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, मागाहून कोणी शंका काढील, असे त्यांचे म्हणणे. नजीब तर साक्षीसाठी नवा शर्ट घालून बसला होता. मी म्हटले, दुसरा साक्षीदार बघतो. तो म्हणाला, "पेटी तू रख. गवाह मैं ही बनूँगा. तेरा दिमाग ठिकाने पर है, ये मेरे सिवा कौन बोलेगा?"

सबब वरील कलम रद्द. पेटी मथुरेकडे राहील. ती कोणाला वापरायला देते, याची चौकशी न्यायालयाने करू नये.

ठिकाण: तुबली, बहरीन
दिनांक: ९ मार्च १९८४

शिवदास बाळाजी मोहिते

यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. ऑगस्टीन डिमेलो
२. नजीब अहमद (सही उर्दूत, दोनदा, पहिली त्यास पसंत पडली नाही)