ईफाचं बारसं

शुक्रवार, श्रूजबरी

बँकेत, दवाखान्यात आपलं नाव पुकारताना लोक अडखळले की चिडणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणींनो! हे भाषण आज मालतीकडे पॉटलकला, सगळ्या एकेक पदार्थ घेऊन जमलो होतो तेव्हा, ठोकायला हवं होतं. तोंडात साबुदाणावडा होता, राहिलं.

माझ्या लेकीनं, मुक्तानं, मुलीचं नाव ईफा ठरवलंय. जावयाच्या आयरिश पणजीचं नाव. दोन अक्षरं! मालती सगळ्यांसमोर म्हणाली, "जीभ वळत नाही बाई. आपण आपलं ईशा म्हणू. आणि नाव ठेवायला ती मोरीन कशाला? तुझ्या पुतणीला सांग ना."

कशाला म्हणजे? मोरीन जावयाची बहीण, म्हणजे बाळाची आत्याच! नाव ठेवायचा मान आत्याचा. की आत्या गोरी निघाली म्हणून मान रद्द? बिचारी फोनवर 'कुर्रर्र'चा सराव करतेय. कानात नाव सांगताना पाठीत धपाटे पडतात म्हटल्यावर हसून म्हणाली, "मग जोरात मारा!"

हॉस्पिटलात ज्ञानदा या माझ्या नावाचं नुसतं 'जी' झालं, तेव्हा हीच मालती कडाडली होती, "एवढी लांबलचक औषधांची नावं घेता येतात, हिचंच येत नाही?" आता आपणही तेच करायचं? दोन अक्षरांसाठी? मुळीच नाही. माझ्या नातीच्या बाबतीत तर नाहीच.

मालती, उद्या फोनवर ऐकशीलच: रविवारी बारशाला ये, पाळण्यावर वाक आणि तिला ईफा म्हणून हाक मार.