सोमवारची सुट्टी, शुक्रवारचं काम

वेरिबी,
ईस्टरचा सोमवार, ५ एप्रिल २०२१

प्रिय भास्कर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून देशील, हे धरूनच लिहायला बसलोय. टाकलंस तर माझी तक्रार नाही. पण फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझा नंबरसुद्धा फोनमधून पुसून टाकला होता. क्वीन्सलंडातल्या स्प्रिंगफील्ड लेक्सचा हा पत्ता परवा आपल्या अजितकडून घेतला. तुमच्याकडचा तीन दिवसांचा लॉकडाउन गुरुवारी उठला, असं बातम्यांत पाहिलं. आमच्याकडे सध्या सगळं उघडं आहे. पण गेल्या वर्षी इतकं कोंडून घातलं होतं की आता दार उघडं असलं तरी बाहेर पडावंसं वाटत नाही.

आधी बातमी सांगतो. आई गेली. गुरुवारी पहाटे, मिरजेला, माझ्या बहिणीकडे, चित्रलेखाच्या घरी. करोनाने नाही, वयानेच. सत्त्याऐंशी पूर्ण होती. इथे आली होती तेव्हा तुला ‘भास्करराव’ म्हणायची आणि तू नको नको म्हणत असताना तुझ्या पानात तिसरी पोळी वाढायची, आठवतं? मला जाता आलं नाही. इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी, परत यायला विमान नाही, मिळालंच तर चौदा दिवस हॉटेलात बंद. आणि तिकडे काही तासांतच उरकायचं होतं, वीसच माणसं चालतील म्हणून पोलिसांनी बजावलेलं. अंत्यविधी मी मोबाइलवर पाहिला. मधली काही मिनिटं सोडून. त्याबद्दल पुढे लिहितो, आत्ता लगेच जमणार नाही.

दुसरी बातमी तुला अजितने कदाचित दिली असेल. माझी नोकरी गेली. विमानात जेवण पुरवणाऱ्या कंपनीत मी प्लॅनिंग बघत होतो. विमानंच थांबली, मग जेवण कुणाला पुरवणार? सहा महिने त्यांनी कसंबसं सांभाळलं आणि सप्टेंबरात एका व्हिडिओ कॉलवर आम्हा चाळीस जणांना एकदम निरोप दिला. सत्तावन्नाव्या वर्षी आता मला कोण घेणार? तेव्हापासून मी सरकारी बेकारभत्त्यावर आहे. डोलवर. हा शब्द मी किती चवीने वापरायचो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

करोनाने माझी एक सोय मात्र केली. नोकरी नसलेला माणूस दिवसभर घरात दिसला तर पूर्वी लोक विचारायचे. आता सगळेच घरून काम करतात. मी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी लॅपटॉप उघडून बसतो. समोरचा म्हातारा इटालियन कुत्र्याला फिरवताना हात करतो, ‘बिझी, मेट?’ म्हणतो, आणि मीही मान हलवतो. वैष्णवी अॅडलेडला युनिव्हर्सिटीत आहे, मॉसन लेक्सला राहते. तिला अजूनही वाटतं की बाबांचे तास थोडे कमी झालेत, बस. फोनवर ‘आर यू ईटिंग प्रॉपर्ली, बाबा?’ विचारते आणि मी काय काय केलं ते सांगतो, सगळं खोटं. कितीदा तर दुपारी नुसता चहा आणि टोस्ट असतो.

सगळ्यात बरा दिवस म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा. आजच्यासारखा. सगळेच घरी, त्यामुळे मीही घरी. आज सकाळी लेंग्यावरच अंगणात गेलो, अर्धा तास नळी घेऊन झाडांना पाणी घातलं आणि कुणाच्या नजरेची पर्वा केली नाही. ज्याला कामच नाही त्याला सुट्टीची एवढी ओढ असते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. फक्त या सुट्टीची किंमत आधी चुकवावी लागते. ऑफिसं बंद म्हणून भत्त्यासाठी सरकारला द्यायचा पंधरवड्याच्या कमाईचा अहवाल दोन-चार दिवस आधी द्यायचा. न उजाडलेल्या दिवसांत आपण काय कमावणार, तेही त्यात लिहून द्यायचं. मी शून्य लिहितो, त्यात अंदाज करण्यासारखं काही नसतं. पैसे लवकर येतात तेव्हा माणूस खूश होतो, मग लक्षात येतं की पुढचा पंधरवडा तेवढाच लांबला. आणि नोकरी शोधून देणाऱ्या एजन्सीची भेट असेल, तर तीही सरकते. चुकली तर पैसे थांबतात. फेब्रुवारीत माझी एकदा चुकली होती, नुसती वेळ वाचण्यात गफलत झाली म्हणून. भास्कर, पुन्हा पैसे सुरू होईपर्यंतच्या त्या नऊ दिवसांत मी फ्रीजच्या आत जेवढं पाहिलं तेवढं आयुष्यात पाहिलं नसेल.

तर माझी भेट आज होती. सोमवारी, फोनवर. मागच्या आठवड्यात निरोप आला: सोमवारी सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे तुमची भेट गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता. मी वाचलं, कॅलेंडरवर खूण केली आणि चहा ठेवायला गेलो. चहाला उकळी आली आणि मी तसाच उभा राहिलो. चहा उतू गेला तरी.

कारण सोमवारच्या सुट्टीने आधीच्या आठवड्यात काम लागतं, हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. तुझ्या तोंडून. आणि शंभर माणसांना ते मी विनोद म्हणून सांगितलं होतं.

सात वर्षांपूर्वी नीरजा मला आणि वैष्णवीला सोडून गेली, तो बुधवार होता. पुढचा सोमवार राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा. स्मशानभूमीवाले म्हणाले, शुक्रवारी दुपारी दोनची वेळ आहे, नाहीतर सुट्टीनंतर, बुधवारी. मी शुक्रवार घेतला. तिच्या माहेरचं कुणी दोन दिवसांत भारतातून पोचणं शक्य नव्हतं, आणि सवाष्ण गेली तर अंगावर माहेरची साडी हवी. तू मला मिठी मारून म्हणालास, मी आहे ना, मी आणतो. अकरा वर्षं ती तुला भाऊबीजेला ओवाळत होती. तुझ्याशिवाय इथे तिचं माहेर होतंच कुठे? मी निर्धास्त झालो. त्या दोन दिवसांत तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल मी निर्धास्त होतो.

दोन वाजले, तू नाहीस. मी माणूस दाराशी उभा केला. सव्वादोन झाले. तिथला माणूस अगदी अदबीने म्हणाला, सर, पुढचं कुटुंब बाहेर थांबलंय. मी प्लॅनिंगमधला माणूस, वेळेचा पक्का. आयुष्यभर दुसऱ्यांना उशिराबद्दल फैलावर घेतलेला. मी मान हलवली आणि शवपेटीपुढचा पडदा सरकला. तू आलास तेव्हा अडीच वाजून गेले होते. घामाघूम, शर्ट बाहेर आलेला, हातात पिशवी. पिशवीत हिरवी साडी.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय. तू म्हणालास, ऑफिसातून निघता आलं नाही. तुझी नोकरी चार महिन्यांपूर्वी गेल्याचं मला कानावर आलं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून मी थांबलो होतो. मी विचारलं, कुठलं ऑफिस? तू खाली बघत पुटपुटलास, सोमवारची सुट्टी आहे ना, म्हणून माझं काम आज आलं. आणि मी सगळ्यांसमोर, नीरजाला आत पाठवून दहा मिनिटं झाली नव्हती तेव्हा, मोठ्याने म्हणालो: सुट्टी सोमवारी आणि हा अडकला शुक्रवारी! खोटारड्या, निदान आज तरी खरं बोलायचंस. आता ही साडी कुणाला नेसवू? तू पिशवी बाकावर ठेवलीस आणि गेलास. त्या वर्षाच्या शेवटी तुम्ही क्वीन्सलंडला गेल्याचं कळलं, तर मी म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला. हे वाक्य आत्ता एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण मी म्हणालो होतो.

परवा पत्ता मागायला अजितला फोन केला तेव्हा त्याला त्या शुक्रवारबद्दल सरळच विचारलं. तो म्हणाला, भास्कर तेव्हा डोलवर होता. सोमवारची माणसं शुक्रवारी बोलावल्यामुळे भत्त्याच्या ऑफिसात बाहेरपर्यंत रांग होती. तो गेला नसता तर पैसे थांबले असते आणि घराचं भाडं त्याच आठवड्यात होतं. तू अजितला हे सांगितलंस आणि वर बजावलंस, हेमला कळू देऊ नकोस. का, ते मी विचारलं नाही. मला ते ठाऊक आहे. त्याच्या आदल्या दिवाळीच्या फराळाला, माझ्याच घरी, डोलवर जगणाऱ्या आयतोब्यांवर मी अर्धा तास भाषण ठोकलं होतं. लोक हसत होते. तू चिवड्याची बशी हातात घेऊन बसला होतास आणि तूही हसत होतास.

साडी माझ्याकडे आहे. त्या दिवशी कुणीतरी माझ्या गाडीत ठेवली, मी कपाटाच्या तळाशी टाकली. काल काढली. किमतीची चिठ्ठी अजून काठाला तशीच आहे. सात वर्षांपूर्वी ती पाहिली असती तर बरी साडी आणली असं वाटलं असतं. आता मी त्याच पैशांवर जगतो, त्यामुळे त्या आकड्याकडे बघून मला कळलं की त्या पंधरवड्यात तुमच्या घरी काय शिजलं असेल. रांगेत उभा असताना ती पिशवी तुझ्या हातातच असणार.

आता राहिलेली मिनिटं. गुरुवारी इथले साडेतीन, म्हणजे तिकडचे सकाळचे दहा. मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. चित्रलेखाने तिकडून आईचा चेहरा दाखवला, कपाळावर बुक्का, ऊन पडलेलं. म्हणाली, दादा, शेवटचं बघून घे. तेवढ्यात फोनवर एजन्सीचा कॉल आला. आईच्या चेहऱ्यावरच ती पट्टी उमटली, घेऊ की नको. तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजताना मी घेतला आणि आई गेली. ती मुलगी म्हणाली, हाय हेम, सॉरी हं, मंडेला पब्लिक हॉलिडे ना, म्हणून आज. मी म्हणालो, नो वरीज. भास्कर, मी नो वरीज म्हणालो. चांगली मुलगी आहे, एका शब्दाने सांगितलं असतं तर तिने त्या क्षणी फोन ठेवला असता. पण मी अर्जांची यादी पुढे ओढली. आठ अर्ज कुठे कुठे केले, ते मी एकेक करून सांगितलं. अकरा मिनिटं. शेवटी तिने विचारलं, ईस्टरला काही प्लॅन? काही विशेष नाही, म्हणालो. पुन्हा मिरजेला फोन लावला तेव्हा फक्त धूर दिसत होता. चित्रलेखा रडत म्हणाली, दादा, कुठे गेला होतास? मी म्हणालो, नेटवर्क गेलं. तिने लगेच विश्वास ठेवला, उलट मलाच समजावलं की असू दे, तुला बघवलं नसतं. वैष्णवीनेही विश्वास ठेवला. चार दिवस सगळे मला फोन करून हळहळताहेत की नेमक्या वेळी नेटवर्कने दगा दिला. मला कुणी खोटारडा म्हणालं नाही, भास्कर. म्हणणारा एकच माणूस होता, आणि त्याने तो शब्द तुझ्यावर खर्च केला. म्हणून तुला लिहितोय. खरं काय झालं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगवणारही नाही.

तुझाच, तुला चालत असेल तर,
हेमचंद्र